फळांच्या यादीतला नारळ

आमच्या वाडीत नारळ पडला की आधी वर झावळ्यांत खसखस व्हायची आणि मग जमिनीवर एकच दणका. आई चुलीपुढून न उठता सांगायची, "विहिरीकडचा," नाहीतर "न्हाणीमागचा," आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं. त्या आवाजाला आम्ही कुणी कधी दचकलो नाही. नारळ माणसाच्या डोक्यात पडत नाही अशी आमच्या बाजूला सगळ्यांची समजूत. अण्णा, म्हणजे माझे वडील, तर त्याच्यापुढे जाऊन म्हणायचे की नारळानं आपल्या घराचं कधी वाईट केलेलं नाही आणि करणारही नाही. घरात काही सुखाचं वर्तमान आलं की नारळ, कुणी परगावी निघालं की नारळ, बाळंतिणीच्या ओटीत नारळ. अशा जिनसावर कोण संशय घेणार? आता मी पनवेलला मुलाच्या फ्लॅटमध्ये सहाव्या मजल्यावर राहते. वरच्या घरात कुणाच्या हातून काही जड पडलं की माझ्या हातातलं काम तसंच राहतं. सून विचारते, काय झालं? मी काही नाही म्हणते.

अण्णा श्रीवर्धनच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. अंगानं चांगले भरलेले, आवाज खणखणीत, आणि जेवणावर मनापासून प्रेम. गरम भातावर तुपाची धार पडताना ते बोलायचे थांबत. वर्गात मात्र त्यांचा एकच हट्ट होता. प्रश्नपत्रिका हातात आली की आधी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, मगच पेन उघडायचं. "खरी मेख शेवटच्या ओळीत असते," असं ते दर वर्षी नव्या पोरांना बजावायचे. घरातही तेच. वाण्याकडून पुडी बांधून आलेला छापील कागद असो की कुणाची लग्नपत्रिका, मला आणि धाकट्या भावाला ती उभं राहून, मोठ्यानं, खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचावी लागे. मध्येच थांबलं की म्हणत, "पुढे? कागद संपला का?" मला त्या वाचनाचा मनस्वी कंटाळा होता. तो माझ्या अंगात किती मुरला आहे हे मला फार उशिरा कळलं.

मी अकरावीला होते तेव्हा अण्णा एकदा सायकलवरून येता येता वाटेत उतरले आणि गिरणीच्या पायरीवर बसले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. गिरणीवाल्यानं रिक्षात घालून आणलं. गावातल्या औषधानं बरं वाटलं, पण दादरचे काका येऊन त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. आई आमच्यासाठी मागं राहिली. ते पंधरा दिवस ती कुणाशी फारसं बोललीच नाही; सकाळी उठायची, दोन नारळ खवायची, आणि मग आठवायचं की खाणारं माणूस घरात नाही. पंधरा दिवसांनी अण्णा एकटेच एस.टी.नं परत आले. काकांना रजा नव्हती. अण्णांचे गाल बसले होते आणि पिशवीत गोळ्यांच्या बाटल्यांबरोबर एक घडी घातलेला कागद होता. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं, मराठीत लिहिलेला.

तो कागद त्यांनी माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "सुमे, ठळक अक्षरात उतरवून काढ आणि स्वैपाकघराच्या दारावर लाव. आजपासून या घरात तू म्हणशील तसं." मी वाचलं. तूप, लोणी, साय बंद. तळलेलं बंद. तेल अगदी नावापुरतं. पालेभाज्या, फळभाज्या, कोशिंबिरी रोज, फळं भरपूर. रोज चालणं. तो कागद खालच्या बाजूला जरा आखूड वाटला हे मला अजून आठवतं. खालची कड पट्टी धरून फाडल्यासारखी सरळ होती, आणि पट्टी धरून कागद फाडायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला होती. पण मास्तरांच्या घरात कागद आखूड असण्यात कसलं आलंय नवल? पाठकोऱ्या कागदाचा कपटासुद्धा आमच्याकडे वाया जात नसे. मी उतरवून काढला, खाली रेघ मारली आणि खळीनं दारावर चिकटवला. मूळ कागद अण्णांनी परत मागून घेतला.

माझ्या अंगात तेव्हा फौजदार संचारला होता. तुपाची बरणी मी माझ्या कपड्यांच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. तेल मी चमच्यानं काढून द्यायची. आई बिचारी दुधी उकडायची, पडवळ उकडायची, लाल माठ नुसत्या मिठावर परतायची. वाडीतली पपई कापून समोर ठेवायची. अण्णा चार घास खाऊन ताट सरकवायचे. तक्रार नाही, आदळआपट नाही, आणि त्याचीच भीती वाटायची. एरवी मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस आता "पोट भरलं" म्हणून उठायचा आणि ओसरीवर समोरच्या पोफळींकडे बघत बसायचा. आई आत पदर तोंडाला लावून बसायची. तिला ठाऊक असलेली माया करण्याची एकच रीत होती आणि तीच मी कुलपात घातली होती.

एका रविवारी ती धीर करून म्हणाली, "फळं भरपूर म्हटलंय ना गं? मग नारळाला काय झालं? श्रीफळच म्हणतो की आपण त्याला."

अण्णा ओसरीवरून आत आले. पाटावर बसले, माझ्याकडे बघितलं आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "सुमे, तू सायन्सवाली. नारळ फळ की नाही? विचार करून सांग."

मी काही विचार केला नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकात आंब्याच्या शेजारी नारळ उभा चिरून दाखवलेलं चित्र होतं, ते मला पाठ होतं. मी पुस्तकच घेऊन आले. "फळच आहे. शास्त्राप्रमाणेसुद्धा फळ," मी म्हटलं. वडिलांनी मला न्यायाधीश केलं याचा मला केवढा अभिमान वाटला! अण्णा म्हणाले, "बघ, शास्त्र म्हणतंय. मग यादीत लिही." दारावरच्या कागदावर फळांसमोर मी केळी, पपई, चिकू असं लिहिलं होतं. त्यापुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं, नारळ. शाई वाळेपर्यंत आई खवणी मांडून बसलीसुद्धा.

त्यानंतरचे पाच-सहा महिने आमच्या घरात जे खाणं झालं त्याची चव मला अजून जिभेवर आणता येते, आणि मी ती आणत नाही. दुधीवर ओलं खोबरं, माठात ओलं खोबरं, कोशिंबिरीत मूठभर. आमटी नारळाच्या दुधातली, सोलकढी वाटीऐवजी तांब्यानं. रविवारी घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस. तुपाचा थेंब नाही, तळणीचं नाव नाही! माझी यादी तंतोतंत पाळली जात होती. अण्णा पुन्हा बोलायला लागले, आईला चिडवायला लागले, दुसऱ्यांदा भात मागायला लागले. सकाळी जाग यायची ती खवणीच्या खर्रखर्र आवाजानं. त्या आवाजावर मी डोळे मिटून पडून राहायची आणि वाटायचं, झालं, घर परत आलं. जन्मात इतकी सुखी मी क्वचितच होते, हेही लिहून ठेवायला हवं.

फक्त अण्णांचं चालणं तेवढं आखूड व्हायला लागलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते रोज संध्याकाळी समुद्राकडे जायचे. सुरुवातीला पार सुरूच्या बनापर्यंत जाऊन चपलांत वाळू घेऊन यायचे. मग देवळापर्यंत. मग म्हणाले, देवळाकडचा रस्ता उकरून ठेवलाय, गिरणीपर्यंत पुरे. नंतर गिरणीचंही नाव निघेना. आमच्या फाटकाशी जायचे, त्याला धरून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायचे, जणू काही गप्पांसाठीच थांबलेत. हे एका दिवसात झालं नाही, म्हणून आम्हाला दिसलं नाही. भाऊ एकदा म्हणाला, "अण्णा हल्ली वाळू नाही आणत." आई म्हणाली, "बरंच झालं, मला झाडायला नको."

दर दीड-दोन महिन्यांनी महादू नारळ उतरवायला यायचा. या माणसाला आमच्याकडे पाडेली म्हणतात. महादू अण्णांहून मोठा, वाळून खारीक झालेला, पण कमरेला कोयता अडकवून माडावर असा चढायचा की बघत राहावं. त्या खेपेला तो वाडीत आला आणि न्हाणीमागे थबकला. तिथं पाणी तापवायला जाळायच्या करवंट्या साठवलेल्या असत. त्यांचा ढीग न्हाणीच्या पत्र्याला टेकला होता.

"वैनी," तो मोठ्यानं म्हणाला, "घरात लगीन हाय का? इतक्या करवंट्या न्हाय बघितल्या मी या वाडीत कधी."

आई हसली. "लगीन कसलं? तुझ्या अण्णांचं पथ्य चालू आहे."

महादू हसला नाही. ओसरीच्या पायरीवर अण्णा पाय सोडून बसले होते. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि विचारल्याशिवाय त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी तिथं खळगा तसाच राहिला. "अण्णा, सूज हाय ही," तो म्हणाला. "तुमी दवाखान्यात जावा. मी सांगतोय ते ऐका."

"चढ तू माडावर," अण्णा म्हणाले. "माझा डॉक्टर घरात आहे." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी हसले. महादू चढला, पण जाताना त्यानं नेहमीसारखा आमच्याकडचा चहा घेतला नाही. दिवसभर वाडीत दणके पडत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते मोजावेसे वाटले नाहीत, बंद व्हावेसे वाटले.

त्यानंतर आठवडाभरातच, सकाळी शाळेत जायला निघताना, अण्णा सदऱ्याची बटणं लावता लावता खुर्चीत बसले. तिसरं बटण त्यांना लावता येईना. श्वास असा ओढत होते की आवाज स्वैपाकघरात ऐकू यावा. भावानं सायकल हाणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आणलं. बाई नव्यानंच आल्या होत्या, तरुण होत्या, कपाळाला आठ्या घालून बोलायच्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, छाती तपासली. हळूहळू श्वास खाली बसला. आई पेज करायला आत गेली आणि थोड्या वेळानं खवणीचा आवाज सुरू झाला. आजारी माणसाच्या पेजेत नारळाचं दूध घालायचं, हे तिच्या हाताला सांगावं लागत नसे.

बाईंनी तो आवाज ऐकला. उठल्या, स्वैपाकघराच्या दाराशी गेल्या आणि माझा कागद वाचायला लागल्या. अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं.

"नारळ? हा इथं कसा?"

"फळ आहे ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. मुंबईच्या डॉक्टरांच्या कागदावरून. म्हणजे, नारळ मी घातला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं, तूप बंद करून हे चालू ठेवलंत? यात काय कमी स्निग्धता आहे? दूध काढून पितात म्हणजे तर झालंच. किती दिवस?" मी बोटांवर महिने मोजायला लागले. "आणि मुंबईच्या डॉक्टरांनी नारळाबद्दल काहीच लिहिलं नाही? कोकणातल्या माणसाला? मूळ कागद दाखवा बघू."

"तो गहाळ झाला," अण्णा खुर्चीतून म्हणाले.

आमच्या घरात कागद गहाळ होत नसत. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी मान वळवली. बाईंनी गोळ्यांची नवी चिठ्ठी लिहून त्यांच्यापुढे धरली, "चष्मा लावा आणि नीट वाचून घ्या." अण्णांनी खिसा चाचपला. मी आतल्या टेबलाकडे निघाले तसे ते घाईघाईनं म्हणाले, "नको, सुमे, राहू दे, मी नंतर..." पण मी पोचले होते. चष्म्याचं घर उघडलं. काच पुसायच्या फडक्याखाली कागदाची एक पट्टी होती, दोन बोटं रुंद, वरची कड सरळ फाडलेली. मोठ्या डॉक्टरांचं तेच अक्षर, तीच निळी शाई. मी चष्मा आणि पट्टी दोन्ही घेऊन बाहेर आले.

"सुमे," अण्णा हळू म्हणाले, "ठेव ते." इतक्या आर्जवानं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आत खवणी चालू होती, खर्रखर्र, खर्रखर्र. मी ती पट्टी खिशात घातली असती तर कुणाला कळलं नसतं. चूक माझ्या नावावर राहिली असती, अण्णांची अब्रू राहिली असती, आणि उद्या पेजेत पुन्हा दूध पडलं असतं. मग मी लग्नपत्रिका वाचायला उभी राहायची तशी उभी राहिले आणि मोठ्यानं, शेवटपर्यंत, वाचलं:

"ओले व सुके खोबरे, नारळाचे दूध, पूर्ण बंद. नारळ फळांत धरू नये."

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. त्या डॉक्टरांकडे आमच्यासारखी माणसं आधी येऊन गेली असणार.

खवणी थांबली. आई दारात आली. तिच्या दोन्ही हातांना, बोटांच्या पेरांपर्यंत, खोबरं लागलं होतं. तिनं पट्टीकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही, बाईंकडे नाही. अण्णांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं? आणि माझ्या हातानं घातलंत?"

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुझ्या हातचं सुटेना गं," एवढंच म्हणाले. आई तिथंच उभी राहिली, हात अंगापासून लांब धरून.

त्या दिवशी तिनं खवणी धुतली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. ती पुन्हा कधी खाली आली नाही. आम्ही मग सगळेच दुधी-पडवळ खायला लागलो, एका ताटात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं नको म्हणून. आई भाज्यांत लिंबू पिळायला शिकली, आलं-कोथिंबीर वाटायला शिकली, आणि खरं सांगायचं तर ते जेवण वाईट नव्हतं. आधी आम्ही त्याला संधीच दिली नव्हती. अण्णा समोर येईल ते निमूट खायचे. फाटकापासून गिरणीपर्यंत जायला लागले. एकदा देवळापर्यंत जाऊन आले आणि लहान मुलासारखे सांगत सुटले. सुरूच्या बनापर्यंत मात्र पुन्हा गेले नाहीत. पुढच्या वर्षी सुपारी वाळत घातली होती त्या दिवसांत, सकाळी विहिरीच्या काठावर दात घासायला बसले ते बसलेच.

डॉक्टरीणबाई नंतर आईला म्हणाल्या, नारळामुळंच झालं असं कुणाला सांगता येणार नाही, दुखणं आधीचंच होतं. त्या खरं बोलत असतील. पण स्वल्पविराम मी दिला होता. आणि मला अण्णांचा राग आला होता, तोही लिहिते, कारण तो अजून गेलेला नाही. त्यांना खायचं होतं तर खायचं होतं. त्यासाठी सोळा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश कशाला केलं? बायकोच्या हातात खवणी का दिली? मरणाला घाबरणारा माणूस चवीपुढे इतका दुबळा होतो, हे मला तेव्हा पटत नव्हतं. हल्ली मोबाइलवर कुणी ना कुणी नारळाच्या तेलाचे गुण गाणारे संदेश पाठवत असतं. मी ते न वाचता पुसून टाकते. पूर्ण कागद न वाचता मी एवढी एकच गोष्ट करते.

गेल्या महिन्यात माझं रक्त तपासलं. डॉक्टर मुलाच्या वयाचे, हसून बोलणारे. त्यांनी एक छापील पान दिलं. त्यात काय असणार ते मला तोंडपाठ होतं, आणि शेवटी शाईनं माझ्यापुरतं एक वाक्य लिहिलं होतं. घरी आले तेव्हा सून पोळ्या लाटत होती. कट्ट्यावर तिनं आमटीसाठी खवलेलं खोबरं होतं, पांढरंशुभ्र, ताजं, वास साऱ्या घरात. तिनं पीठ लागलेला हात पुढे केला, "आई, बघू काय लिहिलंय." मी पिशवीतून पान काढलं आणि तिच्याकडे देता देता माझं मलाच दिसलं की माझ्या बोटांनी खालची कड मागे दुमडली आहे. व्यवस्थित, सरळ, पट्टी धरल्यासारखी. मी कधी दुमडली ते मला खरंच ठाऊक नाही.

अण्णा, त्या क्षणी तुमच्यावरचा माझा राग थोडा कमी झाला. थोडाच. मी कागद उलगडला, नखानं घडी सपाट केली आणि सुनेच्या हातात देऊन म्हटलं, "शेवटची ओळ आधी वाच. मोठ्यानं वाच."